गोंडा

गाला नदी ट्वीडला मिळते तिथून वर तिसरी गल्ली.
खाली दाताचा दवाखाना, माडीवर मी.
एकतीस वर्षं टोप्या शिवते आहे :
निळी मखमल, सहा पाकळ्या,
रुपेरी कलाबतू, टोकाला गोंडा.
देशाकडून पहिल्यांदा रग्बी खेळलेल्याला
एक टोपी मिळते. एकच.
पुढे तो सत्तर सामने खेळो
नाहीतर चार मिनिटांत लंगडत बाहेर येवो,
मखमल तेवढीच लागते. अर्धा वार.

खेळ मला कळत नाही.
डोकी कळतात.
पुढच्या फळीतल्यांची रुंद, कान चुरगळलेले.
कडेने पळणाऱ्यांची लांबट, अंड्यासारखी.
आणि हेही कळतं, की ही टोपी कुणी घालत नाही.
फोटोपुरती डोक्यावर, मग काचेच्या पेटीत,
तरी मी अस्तर मऊच लावते.

मार्चमध्ये यादी आली.
तळाशी शाईने वाढवलेलं एक नाव :
अँड्र्यू हॉगार्थ. म्हणजे आमचा डँड.
सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा एक सामना, दूरदेशी, उन्हात.
राष्ट्रगीत झालं, नाक फुटलं, जिंकले,
आणि घरी परतल्यावर संघटनेने कळवलं,
समोरचा देश अजून मोजण्यातला नाही,
सबब तो सामना सामना नव्हे.
तेव्हा त्याला टोपी घातली ती अशी.
आता ठराव झाला आहे. आता टोपी देणार.
यासाठी त्याने कुणापुढे गोंडा घोळला नाही,
नेटी सांगते, साधं पत्रसुद्धा टाकलं नाही.

तिला फोन केला, डोक्याचं माप हवं.
म्हणाली, हल्ली तो स्थिर बसत नाही.
चार दिवसांनी पाकिटातून सुतळी आली, मध्ये एक गाठ,
सोबत चिठ्ठी : झोपेत घेतलं.
तेवीस इंच आणि वर थोडं.
ते थोडंही मी धरलं.

समारंभांना मी जात नाही. बोलावणंही नसतं.
या वेळी नेटीने बोलावलं.
क्लबाची खोली, बार्लीचं सूप, ओल्या कोटांचा वास.
अध्यक्ष बोलले.
उशीर या शब्दाला त्यांनी चार वेळा वळसा घातला.
मग टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली
आणि सगळे उभे राहिले, नातू मोबाइल उंच धरून.

डँडने ती काढली.
कुणाची ही?
तुझी, नेटी म्हणाली.
त्याला पटलं नाही.
ज्या डोक्यात तो सामना होता
त्या डोक्याने किती धडका घेतल्या
याची यादी कुठली संघटना ठेवत नाही.

खोलीत कुणीतरी खोकलं.
मग त्याने टोपी उलटी केली,
अस्तर बाहेर.
अडतीस वर्षं तो मिलमध्ये होता,
मागावरून उतरलेलं कापड उजेडाला धरून
चुकलेले धागे हुडकायचा.
अंगठा शिवणीवरून निघाला, पाकळी पाकळी करत,
कलाबतूची टोकं आत दडवली आहेत तिथे थांबला.
(तिथे मी तीनदा उसवलं होतं.)
"घट्ट हात आहे," तो म्हणाला,
"पण कापड ओढत नाही. कोणाचा?"

नेटीने माझ्याकडे बोट केलं.

तो उठला. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत
अख्खी खोली ओलांडून आला,
अध्यक्षांच्या अंगावरूनच,
आणि उघड्या डोक्यावर टोपी असावी
तसा कपाळाशी हात नेऊन
ती नसलेली टोपी त्याने माझ्यापुढे उचलली.

मी काय करणार. मान खाली घातली.

मग हळूच म्हणाला, गोंड्याचा एक धागा सुटलाय.
खरंच सुटला होता.
म्हटलं द्या इकडे, आत्ता बसवून देते, सुई पर्समध्येच असते.
त्याने टोपी कोटाच्या आत सरकवली
आणि वरून बटण लावलं.